आठ तासांचं बंदर

३० जानेवारी १९९४, रविवार. अंबरनाथ

मी जाते, असं आज सांगून टाकलं. आता माघार नाही. माझा भाऊ सुदाम म्हणाला, ताई, तू कधी कल्याणच्या पुढे दोन दिवस राहिली नाहीस आणि एकदम ब्राझील? मी म्हटलं, नेतायत म्हणून जाते.

नेणारी म्हणजे मोतीबाई. उल्हासनगर कॅम्प एकमधली सिंधी म्हातारी, अडुसष्ट वर्षांची. तिथल्या सूतिकागृहात मी वीस वर्षं आया होते. ते बंद पडलं तेव्हापासून गेली दोन वर्षं रोज तिच्याकडे जाते. पायांना तेल लावणं, गोळ्या देणं, अंघोळ घालणं. सगळे तिला अम्मा म्हणतात, मीही म्हणते. तिचा धाकटा मुलगा हेमचंद्र एकोणीस वर्षांपूर्वी सेंट मार्टिन नावाच्या लांबच्या बेटावर गेला. तिथे त्याचं घड्याळांचं मोठं दुकान आहे. त्यानं आईसाठी बोटीचं बुकिंग केलंय. साधी बोट नाही, परदेशातले श्रीमंत लोक मौजेसाठी फिरतात तसली. जंगलातल्या ॲमेझॉन नदीत चढायचं, समुद्रात यायचं आणि बेटं बघत जायचं. हेमचंद्रच्या बेटावर बोट आठ तास थांबते. तेवढ्यात माय-लेकरांची भेट. मग पुढच्या बंदरावरून विमानानं परत.

मी अम्माला विचारलं, एवढं लांब जायचं तर महिनाभर त्याच्या घरीच का नाही राहायचं? म्हणाली, मोठा धंदा आहे, वेळ नसतो त्याला. असेल.

माझ्या लेकीची, अंजनीची, बारावीची परीक्षा तोंडावर आहे. बाप नसलेल्या पोरीला परीक्षेच्या आधी सोडून जाते आहे, हे काही बरं नाही. ती सुदामकडे बदलापूरला राहील. तीच सगळ्यात जास्त मागे लागलीय, जा म्हणून.

६ फेब्रुवारी, रविवार

अम्माची ट्रंक भरली. पापड, लोणचं, हेमचंद्रसाठी कुर्त्याचं कापड. त्याचे सहा फोटो शालीत गुंडाळून सगळ्यात वर. प्रत्येक फोटो दुकानातला. काचेचं काउंटर, मागे घड्याळं आणि हसणारा हेमचंद्र. घराचा एकही नाही. लग्न झालंय का विचारलं तर अम्मानं ट्रंकेचं झाकण लावून घेतलं.

थोरला चंदू खूश नाही. कॅम्पातच कापडाचं दुकान चालवतो, आईला तोच सांभाळतो. मला बाजूला घेऊन म्हणाला, आम्ही इथे औषधपाणी करायचं आणि त्यानं बोटीतून फिरवून नाव कमवायचं. दुकान केवढं, नोकर किती, घर कसं, सगळं बघून ये.

काल अम्मा डॉक्टरकडे गेली. मला बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. हसत बाहेर आली. म्हणाली, फिट है.

९ फेब्रुवारी, बुधवार. मनाउस

तीन विमानं बदलली. कान अजून बंद आहेत. इथली हवा मे महिन्यातल्या अंबरनाथसारखी, पण ओली. कपडे अंगावरच भिजतात. हेमचंद्रच्या ओळखीचा एक सिंधी माणूस विमानतळावर आला होता, त्यानं हॉटेलात पोचवलं.

हेमचंद्रचा फोन आला. अम्मा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून नुसती "पुट, पुट" करत होती. सिंधीत मुलाला पुट म्हणतात. मलाही दोन शब्द बोलला, शालनताई, अम्माला सांभाळा म्हणाला. चांगलं मराठी बोलतो, कॅम्पातलं. मागून गाड्यांचे आवाज येत होते, आणि फोन मधेच तुटला. दुकानातला फोन बिघडला असेल, रस्त्यावरून केला वाटतं.

११ फेब्रुवारी, शुक्रवार. बोटीवर

बोटीचं नाव 'सदर्न लिली'. सात मजले, सगळे पांढरे. आमची खोली माझ्या अंबरनाथच्या घराच्या दीडपट. गालिचा एवढा मऊ की चप्पल काढून ठेवली. खोल्या बघणारा माणूस गोव्याचा निघाला, कायतान नावाचा, पंचेचाळिशीचा. हिंदी बोलतो. त्याला बघून जीव भांड्यात पडला.

दुपारी जेवायला गेलो. टेबलावर पांढरी चादर, एकेकाला सात-सात काटे-चमचे. अम्माला बसवलं आणि मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. वाढप्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी तशीच. अम्मा वळून म्हणाली, "बैठ ना. खडी क्यों है?"

बसले. वाढप्यानं अम्माच्या आणि माझ्या पुढ्यात सारख्याच प्लेटा ठेवल्या. कॅम्पातल्या घरी माझा स्टीलचा पेला खिडकीत वेगळा असतो. दोन वर्षं त्यावर ना अम्मा काही बोलली, ना मी. आज तिनं स्वतःचा अर्धा प्यालेला रस माझ्याकडे सरकवला. तिच्या लक्षात आलं नसावं. मी प्याले.

१२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी त्रिसरण म्हणून वर गेले तर सगळे गोरे कठड्याशी गोळा झालेले. दोन नद्या तिथे एकमेकींना मिळतात. एक काळी, बिनदुधाच्या चहासारखी, आणि दुसरी मातकट. मिळतात पण मिसळत नाहीत. कितीतरी वेळ शेजारी शेजारी वाहतात, मधे रेघ ओढल्यासारखी. नंतर गुलाबी रंगाचे मोठे मासे वर आले. मासे गुलाबी असतात हे अंजनीला सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही.

आणि जंगल. बारवी धरणाजवळ आमच्याकडे रान आहे ते मला दाट वाटायचं. इथे झाडांच्या भिंतीत बोट घुसवायला जागा नाही.

साडी धुऊन कठड्यावर वाळत टाकली होती. टोपीवाला एक साहेब आला, फार नम्रपणे बोलला. कायताननं सांगितलं, बाई, साडी आत घ्या, कप्तानाला वाटेल कुठल्या देशाचा झेंडा लावलाय.

१४ फेब्रुवारी, सोमवार

आज पलीकडचा काठ दिसेनासा झाला. नदी आहे यावर विश्वास बसत नाही.

अम्मा सकाळपासून कठड्याशी खुर्ची टाकून बसली होती. पदरातून तांदूळ आणि साखर काढून पाण्यात सोडली, झुलेलालच्या नावानं. नदीचा देव त्यांचा. शेजारच्या बाईला वाटलं माशांना घालतेय, तिनं आपला बिस्किटाचा चुरा टाकला. अम्मानं तिच्याकडे बघून मान डोलावली.

मग मला सांगत बसली. तिचं गाव सक्कर, सिंधू नदीच्या काठावर. तिथलं पाणीही असंच मातकट. फाळणीनंतर, अठ्ठेचाळीसच्या सुरुवातीला, कराचीहून बोटीनं मुंबईला आले. चंदू पोटात होता. डेकवर माणसाला माणूस चिकटलेलं, एक पेला पाण्यासाठी तास-तास रांग. मुंबईहून कल्याणच्या कॅम्पात, मिलिटरीच्या बराकीत आणून टाकलं. वाटलं, महिना-दोन महिने काढायचे. सेहेचाळीस वर्षं झाली. तेवढ्यात कायतान बर्फ घातलेलं पाणी घेऊन आला, वर लिंबाची चकती. अम्मानं ती चकती बोटानं फिरवून बघितली आणि किती तरी वेळ हसत होती.

तिला जिने झेपत नाहीत. पाच पायऱ्या चढली की थांबते, म्हणते नजारा बघू दे. झोपतानाही तीन उशा घेऊन बसल्यासारखी झोपते. वारा चांगला लागतो म्हणते.

१६ फेब्रुवारी, बुधवार

समुद्र लागला. कितीतरी वेळ नदीचं मातकट पाणी समुद्रातही तसंच होतं, मग हिरवं झालं. काल पृथ्वीच्या मधली रेघ ओलांडली म्हणून लोकांनी एकमेकांना पीठ फासलं आणि पाण्यात ढकललं. चांगली सत्तर-सत्तर वर्षांची माणसं. मी उलट्या करत पडून होते. अम्मानंच मला लिंबू चाटवलं.

तिचे पाय सुजलेत. बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. बोटीवरचं जेवण खारट आहे, त्यामुळे असणार. कायतानला सांगितलं, अम्माचं अळणी आण. सूतिकागृहात एखादीचे पाय असे सुजले की डॉक्टरीणबाई घाबरायच्या, पण ते पोटुशी बायकांचं. अम्माला काय.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लिहायलाच हवं.

सकाळी उठले तर अम्मा पलंगावर सरळ बसलेली, ओठ निळसर. आडवी होताच येत नव्हतं. श्वासाबरोबर छातीत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज. मी दाराकडे निघाले तर तिनं मनगट धरलं.

"डॉक्टरला सांगू नको. तो मला मधेच उतरवेल."

"अम्मा, तुम्हाला श्वास घेता येत नाहीये."

"थोडे दिवस राहिले. तेवढे मी ओढते. हेमूला बघू दे, मग कर काय करायचं ते."

मी ऐकेना म्हणून अंजनीची शपथ घातली. मी शपथा मानत नाही. तरी हो म्हटलं.

तासभर तिची पाठ चोळत बसले. त्र्याऐंशी साली आमच्याकडे एक बाळंतीण होती. रक्त जास्त जातंय हे मला दिसलं होतं. तीही असंच म्हणाली, मावशी, डॉक्टरीणबाईंना उठवू नका, त्या ओरडतात. मी तिचं ऐकलं होतं. तिचं बाळ तिच्या सासूच्या हातात मीच दिलं.

मी उठले. अम्मानं ओळखलं. नुसती बघत राहिली. कायतानला गाठलं आणि डॉक्टरला घेऊन आले. त्यानं नळी लावली, इंजेक्शन दिलं. कायताननं मला हिंदीत समजावलं, हृदय थकलंय, छातीत पाणी भरलंय, उद्या बार्बाडोसला उतरवावं लागेल, तिथे मोठं हॉस्पिटल आहे. मी म्हटलं, मुलाचं बेट? तो म्हणाला, दोन बंदरं पुढे आहे बाई, तेवढा वेळ नाही.

बोटीवरून हेमचंद्रच्या दुकानात फोन लावला. कायतानच बोलला. ज्यानं उचलला त्याला हेमचंद्र शेठ कोण ते आधी कळेचना. मग कुणाला तरी हाक मारली, हेमचंद्र आला आणि कायताननं त्याला बार्बाडोसचं सांगितलं. उचलणारा नोकर नवा असेल.

औषधं काढायला ट्रंक उघडली तर तळाशी कॅम्पातल्या डॉक्टरची चिठ्ठी. इंग्रजी आहे. बोटीवरच्या डॉक्टरनं वाचून मान हलवली. लिहिलंय की प्रवास करू नये.

१९ फेब्रुवारी, शनिवार. बार्बाडोस

अम्माला स्ट्रेचरवरून उतरवलं. कायतान ट्रंक घेऊन धक्क्यापर्यंत आला, हात जोडले आणि पळत परत गेला. दुपारी हॉस्पिटलच्या खिडकीतून बोट जाताना दिसली. एवढी मोठी, एवढी पांढरी, आणि आमच्यासाठी एक भोंगासुद्धा वेगळा वाजवला नाही.

अम्मा बरी आहे. ओठांना रंग आला. पण माझ्याशी बोलत नाही. तोंड पुसायला गेले तर मान वळवली.

२० फेब्रुवारी, रविवार

हेमचंद्र विमानानं आला. कपाळावरचे केस गेलेत, फोटोत वाटतो त्यापेक्षा बारीक आहे. दारातच थांबला. अम्मानं हात पुढे केला तेव्हा तो तिच्या पायांशी बसला आणि चादरीत तोंड खुपसून रडला. त्रेचाळीस वर्षांचा माणूस. मी बाहेर आले.

दुकानातून तसाच निघाला असावा. शर्टाच्या खिशावर दुकानाचा बिल्ला होता, खाली नुसतं 'हेम'. तिकडे मालकही बिल्ले लावत असतील. थोड्या वेळानं त्यानं तो काढून खिशात टाकला.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

आज हेमचंद्र मला व्हरांड्यात घेऊन गेला. सांगायला सुरुवात करून दोनदा थांबला.

"ताई, दुकान माझं नाही. मी सेल्समन आहे. एकोणीस वर्षं."

मग त्याचं त्यानंच सांगितलं. पहिल्या वर्षी पत्रात लिहिलं होतं, आमचं दुकान बंदरासमोर आहे. नोकर माणसं म्हणतात ना, आमचं दुकान, तसं. चंदूनं ते पत्र सगळ्या गल्लीत वाचून दाखवलं, हेमूनं दुकान टाकलं म्हणून. पुढच्या पत्रात खरं लिहू म्हणता म्हणता राहून गेलं. मग दर वर्षी जास्त अवघड झालं. रिकाम्या हातानं कॅम्पात कसं जायचं म्हणून गेलाच नाही. तिकडची एक बाई केली आहे, मार्लीन. अकरा वर्षांची मुलगी आहे. तेही कळवलं नाही. दोन खोल्यांत राहतात.

आणि ही बोट? लहानपणी आई सारखी नदीचं बोलायची, म्हणून जमवत होता. मालकाच्या ओळखीनं शेवटची खोली स्वस्तात मिळाली. आठ तासांसाठी मालक दुसरीकडे बसणार होता आणि हा गल्ल्यावर बसणार होता. आईनं दुकान बघायचं, चहा घ्यायचा आणि बोटीत चढायचं.

"ताई, अम्माला सांगू नका. चंदूभाऊला तर नाहीच."

मी हो म्हटलं. एका शपथेला चार दिवसांपूर्वीच पाणी सोडलंय. हे तरी पाळीन.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

आज अम्मा बोलली. माझ्याशी नाही, हेमचंद्रशी. मी पाय चेपत होते, मला जा म्हणाली नाही.

म्हणाली, "तुझे सहा फोटो आहेत माझ्याकडे. सगळ्यात तू उभा आहेस. तुझा बाप दुकानात बसायचा. चंदू बसतो. मालक बसतो, हेमू. उभा नोकर राहतो."

हेमचंद्र खाली बघत राहिला. मीही. किती वर्षांपासून माहीत होतं हिला?

"घरी कोण आहे?"

त्यानं सांगितलं. आपल्यातली नाही, हेही सांगितलं, काळी आहे हेही. अम्मानं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "मला बघून पळणार तर नाही ना?"

२७ फेब्रुवारी, रविवार. सेंट मार्टिन

डॉक्टरनं तासा-दीड तासाच्या विमानाला परवानगी दिली. काल आलो. खाली निळा समुद्र, बंदरात दोन पांढऱ्या बोटी, रस्त्यावर घड्याळांची चकचकीत दुकानं. हेमचंद्रचं घर त्या सगळ्याच्या मागे, टेकडीवर. दोन खोल्या, वर पत्रा, पाण्याचं पिंप बाहेर. अम्मा दारात थांबून बघत राहिली आणि म्हणाली, "ये तो बराक ही है." हेमचंद्रला हसावं की काय कळेना.

मार्लीन उंच आहे, हॉटेलात कपडे धुण्या-इस्त्रीचं काम करते. अम्मासाठी तिनं आपली खोली दिली. तिला आमचं कळत नाही, आम्हाला तिचं. मुलगी लिसा दाराआडून बघते.

६ मार्च, रविवार

मी तेल लावते तेव्हा मार्लीन शेजारी बसून बघते. परवा तिनं बाटली माझ्या हातातून घेतली आणि स्वतः लावलं. अम्मा आधी आखडली. मग पाय सैल सोडले. हात जड आहे तिचा, पण चांगला आहे.

माझं तिकीट तेरा तारखेचं ठरलं. मी अम्माला म्हटलं, तोवर डॉक्टर तुम्हालाही सोडतील. अम्मा म्हणाली, "मी तुझ्याबरोबर येत नाही. हेमू पोचवेल मला."

हेमचंद्रचा चेहरा उतरला. म्हणाला, सुट्टी मिळणार नाही, घर कुणी बघायचं, एवढ्या जणांनी कसं जायचं.

"मग मी इथेच. घाई नाही मला."

शपथ मोडल्याचा राग गेलेला नाही, दुसरं काय. हॉस्पिटलपासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. मला आणलं होतं सोबत म्हणून, आणि आता माझी सोबत नको. काय चुकलं माझं? डोळ्यादेखत मरू द्यायला हवं होतं का?

१६ मार्च, बुधवार. अंबरनाथ

काल पोचले. अंजनीचे तीन पेपर झालेत, चांगले गेले म्हणते. वाळली आहे.

आज कॅम्पात जाऊन चंदूला सगळं सांगितलं. म्हणजे आजाराचं, हॉस्पिटलचं. अम्मा हेमचंद्रकडे राहिली, तो घेऊन येईल. त्यानं विचारलं, दुकान केवढं? मी म्हटलं, माझा वेळ सगळा अम्मापाशी गेला. घर? म्हटलं, टेकडीवर आहे, समुद्र दिसतो. खोटं काही बोलले नाही.

तो उठून उभा राहिला. "आजारी आईला परक्या देशात टाकून तू आलीस. आणि दुकान बघितलं नाही म्हणतेस. काय मिळालं तुला त्याच्याकडून?"

खिडकीतला माझा पेला घेऊन मी निघून आले.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. सकाळी विहारात गेले, मिरवणुकीत मात्र गेले नाही. कॅम्पातली दोन घरं तेल लावायला बोलावणार होती, दोन्हींनी नको म्हणून कळवलं. चंदूनं सांगितलेलं सगळीकडे पोचलंय. आज विहारातसुद्धा एकीनं विचारलं, म्हातारीला सोडून आलीस म्हणे?

अंजनी चिडली. म्हणाली, आई, काय झालं ते सरळ सांगून का टाकत नाहीस? तिलाही सांगितलेलं नाही. माझं आहे ते मी सांगेन, दुसऱ्याचं कसं सांगू.

३ मे, मंगळवार

शहाडला एका बाळंतिणीकडे महिनाभराचं काम मिळालं. बरं आहे. बाळ रडकं आहे.

अम्माचं काही कळलं नाही. मीही कुणाला विचारत नाही.

२९ मे, रविवार

दुपारी चंदूचा नोकर बोलवायला आला. मी जाणार नव्हते. तो म्हणाला, अम्मा आलीय.

बराकीसमोर टॅक्सी उभी, आणि सगळी गल्ली जमलेली. अम्मा पुढच्या खोलीत खुर्चीत, निम्मी झालेली, पण डोळे तेच. एका बाजूला मार्लीन, फुलाफुलांचा झगा, घामानं ओली. लिसा तिला चिकटलेली. दाराशी हेमचंद्र. हातात एकच बॅग.

बायका मार्लीनकडे बघत होत्या. चंदू कुणाकडेच बघत नव्हता. शेवटी त्यानं विचारलं, दुकान कुणावर सोडून आलास?

हेमचंद्रनं बॅग खाली ठेवली. "दुकान माझं नाही, चंदूभाऊ. मी तिथे नोकरी करतो. पहिल्यापासून. ही माझी बायको, ही मुलगी. शालनताईंना सगळं माहीत होतं. मी सांगू नका म्हटलं म्हणून त्या बोलल्या नाहीत."

दारातून, खिडकीतून सगळ्यांनी ऐकलं. चंदूच्या कपाळावरची शीर दिसत होती. तो आत गेला. मला वाटलं आता येतच नाही बाहेर. आला तेव्हा हातात टेबलफॅन होता. तो त्यानं मार्लीनच्या समोर ठेवला, चालू केला आणि पुन्हा आत गेला.

मी अम्माच्या पायांशी बसले. सूज कमी आहे. म्हटलं, अम्मा, तुम्ही माझ्यावर रागावला होतात.

"फार. आठ दिवस." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू तोंड बंद ठेवलं असतंस तर आठ तास चहा पिऊन मी परत आले असते. किंवा आलेच नसते."

"मग माझ्याबरोबर का नाही आलात?"

"तुझ्याबरोबर आले असते, तर हा कधी आला असता?"

एवढे दिवस मी किती रडले, आणि ही बाई तिकडे मुलाला घरी आणत होती.

१ जून, बुधवार

आजपासून पुन्हा अम्माकडे जायला लागले. चंदू समोर आला, घसा खाकरला, म्हणाला, शालन, चहा घेऊन जा. माफी वगैरे त्याला जमणार नाही. चहा सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारख्याच कपात मिळाला.

मी गल्लीत शिरले तेव्हा नळाला पाणी आलं होतं. रांगेत मार्लीन उभी, हातात चंदूकडची पिवळी बादली, सगळ्यांपेक्षा हातभर उंच. पुढच्या बायका वळून वळून बघत होत्या. तिचा नंबर आला तेव्हा शेवटच्या बराकीतल्या एका म्हातारीनं तिची बादली बाजूला सारली आणि विचारलं, ये कौन है? कहाँ से आयी है?

मार्लीनला कळलं नाही. ती हसली. मी पुढे होणार, तेवढ्यात दुकानाची किल्ली घेऊन निघालेला चंदू थांबला. सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती.

"माझी भावजय आहे," तो म्हणाला. "तिला पाणी भरू दे."

मग त्यानं बादली उचलून स्वतःच नळाखाली लावली, आणि भरेपर्यंत तिथेच उभा राहिला.